ओलाव्याचा हिशेब मांडणारा विलिस कॅरिअर

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या आमच्या घरी बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन बसवायचं ठरलं. बाबांनी शंका काढली, बाहेरच हवा एवढी दमट, मग पंखा काढणार काय? मेकॅनिकलचा विद्यार्थी असून मी गप्प! उत्तर मिळालं विलिस कॅरिअरकडे.

कॅरिअर १८७६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावी जन्मला. लहानपणी अपूर्णांक डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने सफरचंदं कापून शिकवले. १९०१ मध्ये कॉर्नेलची पदवी घेऊन तो बफेलो फोर्ज कंपनीत लागला. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याचं दुखणं समोर आलं. दमट हवेत कागद फुगायचा, रंगावर रंग नेमका बसेना. कॅरिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढायची योजना आखली. म्हणजे त्याचं एअर कंडिशनिंग जन्मलं ते माणसांसाठी नव्हे, कागदासाठी! १९११ मध्ये त्याने हवेतल्या ओलाव्याची सूत्रं मांडली, १९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह कंपनी काढली. १९५० साली तो गेला.

त्याचा सायक्रोमेट्रिक चार्ट आपण परीक्षेपुरता बघतो. मी तो बाबांसमोर उघडला. एक किलो कोरड्या हवेमागे २५ अंशांना जास्तीत जास्त २० ग्रॅम वाफ मावते, आंघोळीनंतरच्या ३० अंशांना सुमारे २७. म्हणजे भर पावसातही पंखा वाफ बाहेर काढतोच! बाहेरची हवा आत यायला दाराखाली फट मात्र हवी.

बाबा पटले. आणि मित्रांनो, तो चार्ट मला तेव्हा कुठे कळला!