विश्लेषण : कडक स्प्रिंग म्हणजे स्पोर्टी गाडी? ‘लोटस’च्या कॉलिन चॅपमन यांचे गणित वेगळे होते…

गाडी ‘स्पोर्टी’ करायची म्हटले की अनेक जण आधी स्प्रिंगला हात घालतात. कंपनीच्या स्प्रिंग काढायच्या, आखूड आणि कडक स्प्रिंग बसवायच्या, गाडी दोन बोटे खाली आणायची, की ती वळणावर रस्त्याला चिकटून चालणार, असा समज असतो. मात्र फॉर्म्युला वनमध्ये सात सांघिक जगज्जेतेपदे मिळवणाऱ्या ‘लोटस’चे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी रस्त्यावरच्या गाडीसाठी नेमकी उलटी वाट धरली. त्यांच्या कारकीर्दीत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात.

कोण होते कॉलिन चॅपमन?

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात विमान चालवायलाही शिकले. मैत्रीण हेझल हिच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून आपली पहिली स्पर्धेची गाडी तयार केली. १९५२ मध्ये त्यांनी लोटस कंपनी स्थापन केली. हेझल पुढे त्यांची पत्नी आणि व्यवसायातील भागीदार झाली.

गाडीकडे ते पूल किंवा विमानाचा सांगाडा पाहावा तसे पाहत. कोणता भाग किती भार घेतो, कोणता भाग काढून टाकता येईल आणि एक भाग दोन कामे करेल का, हे त्यांचे नेहमीचे प्रश्न असत.

स्प्रिंग कडक केल्यावर नेमके काय होते?

स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती बळ लागते, त्यावर तिचा कडकपणा ठरतो. मात्र हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्या चाकावर वजन किती, हे सोबत पाहावे लागते. समजा, एका चाकावर गाडीचे ३०० किलो वजन आहे आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे. अशी गाडी सेकंदाला साधारण १.३ वेळा वरखाली होते. आरामदायी गाडीत हा आकडा १ ते १.३ च्या आसपास असतो, तर रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीत दीडच्या जवळपास.

कडकपणा दुप्पट केला तर हाच आकडा १.८ वर जातो. गुळगुळीत रस्त्यावर गाडी कमी कलते आणि स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते. खडबडीत रस्त्यावर मात्र चाक खाचखळग्यांमागे जाऊ शकत नाही, टायरवरचा दाब क्षणोक्षणी कमीजास्त होतो आणि पकड घटते. म्हणजे पाठीला धक्के बसतात ते वेगळेच, त्याच रस्त्यावर गाडी हळूही होऊ शकते.

मऊ स्प्रिंग असूनही ‘एलान’ चपळ कशी?

१९६२ मध्ये आलेली लोटस एलान ही दोन आसनी गाडी याचे उत्तम उदाहरण ठरली. तिच्या स्प्रिंग मऊ होत्या आणि चाकांना वरखाली व्हायला भरपूर जागा होती. तरीही वळणावरच्या हाताळणीसाठी ती आजही नावाजली जाते. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये आणलेल्या एमएक्स-५ मागेही एलानचीच प्रेरणा होती.

यामागे तीन कारणे होती. पहिले, वजन. एलान ७०० किलोंच्या आत होती. वजन कमी असेल तर मऊ स्प्रिंगही गाडीला आवर घालते. दुसरे, ताठ सांगाडा. पोलादी पत्र्याची, गाडीच्या मधोमध जाणारी कण्यासारखी चासी तिला होती. चासीच लवचिक असेल तर ती स्वतःच एक स्प्रिंग बनते आणि तिला आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतो. तिसरे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चाकांची भूमिती यांचा नेमका मेळ. धक्का झेलायचे काम स्प्रिंगचे आणि उसळी थांबवायचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, ही वाटणी त्यांनी काटेकोर पाळली.

हेच सूत्र त्यांनी शर्यतीतही वापरले. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांच्या सांगाड्याऐवजी विमानासारखी एकसंध मोनोकॉक चासी होती. ती आधीच्या लोटस २४ च्या सांगाड्यापेक्षा सुमारे तिप्पट ताठ आणि जवळपास निम्म्या वजनाची होती. जिम क्लार्क याच गाडीतून १९६३ मध्ये जगज्जेते झाले.

हलकेपणाची किंमत कोणी मोजली?

लोटसच्या गाड्या वेगवान होत्या, तशा नाजूकही. १९७० मध्ये मोंझा येथे योखेन रिंट यांच्या लोटस ७२ चा अपघात झाला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता. ट्रॅकलगतचे कुंपण सदोष असल्याने तो अपघात जीवघेणा ठरला. रिंट मरणोत्तर जगज्जेते ठरले. चॅपमन यांच्या गाड्यांत ताकदीला पुरेसा वाव ठेवला जात नाही, ही टीका अखेरपर्यंत त्यांच्या मागे राहिली.

मग शर्यतीत स्प्रिंग कडक का झाल्या?

१९७७ आणि १९७८ मध्ये लोटस ७८ व ७९ या गाड्यांनी तळाखालच्या हवेचा वापर करून गाडी जमिनीकडे ओढून घेतली. मारिओ आंद्रेत्ती १९७८ मध्ये जगज्जेते झाले. हा परिणाम टिकवायचा तर गाडी आणि जमीन यांतील अंतर जवळपास स्थिर हवे. शिवाय वेग वाढला की हवेचा दाब मऊ स्प्रिंग पार दाबून टाकतो. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत स्प्रिंग इतक्या कडक झाल्या की चालकांचे अंग खिळखिळे होऊ लागले.

चॅपमन यांनी यावर १९८१ मध्ये लोटस ८८ आणली. या गाडीला दोन चासी होत्या. बाहेरची चासी हवेचा भार कडक स्प्रिंगमार्फत चाकांवर टाकणार आणि आतली चासी चालक व इंजिनाला मऊ स्प्रिंगवर तोलणार, अशी ती रचना होती. प्रतिस्पर्धी संघांनी आक्षेप घेतले आणि गाडीवर बंदी आली.

पुढचा मार्ग होता संगणक आणि हायड्रॉलिक्सने क्षणोक्षणी बदलणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन’चा. अशा फॉर्म्युला वन गाडीची पहिली चाचणी लोटसने १६ डिसेंबर १९८२ रोजी घेतली. त्याच दिवशी चॅपमन यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते. डीलोरियन कंपनीतील आर्थिक गैरव्यवहारात त्यांचे नाव आले होते, पण त्याचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही.

रोजच्या गाडीसाठी यातून काय घ्यायचे?

शर्यतीच्या गाडीला कडक स्प्रिंग लागते ती हवेच्या दाबामुळे आणि सपाट ट्रॅकमुळे. रोजच्या गाडीला यातले काहीच नसते. उलट तिच्यात कधी एक जण असतो, कधी चार जण आणि सामान. आखूड स्प्रिंगमुळे चाकाला वर सरकायची जागा कमी होते आणि गाडी भरली की ती रबरी बफरवर आदळते.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी टायर आणि त्यातील हवा, मग झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि बुश, मग डिकीतले अनावश्यक वजन. एवढे करूनही गाडी जास्त कलत असेल, तरच किंचित कडक स्प्रिंगचा विचार करावा. तेव्हा तिला साजेसे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही घ्यावे लागतात. आकडा ठरवताना रोजचा रस्ता कसा आहे, हे आधी पाहावे.