उशिरा भेटलेले वाचक

१९२२ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, क्लार्क्सव्हिल गावात जॉन विल्यम्स यांचा जन्म झाला. आजी-आजोबा शेतकरी, घरची परिस्थिती बेताची. शाळा संपवून जॉन कॉलेजात गेले, पण पहिल्याच वर्षी नापास झाले! मग त्यांनी वर्तमानपत्रात आणि रेडिओवर काम केलं.

१९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ते अमेरिकेच्या हवाई दलात भरती झाले. त्यांना कुठे पाठवलं असेल? भारतात आणि ब्रह्मदेशात! त्या धामधुमीतच त्यांनी पहिली कादंबरी लिहायला घेतली.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा शिकायला लागले. एकदा नापास झालेला हा मुलगा १९५४ मध्ये मिझुरी विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. नंतर सुमारे तीस वर्षं त्यांनी डेन्व्हर विद्यापीठात शिकवलं. त्यांचा विषय होता सर्जनशील लेखन, म्हणजे कथा-कादंबरी कशी लिहायची ते. दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात स्वतः लिहायचं, असं त्यांचं आयुष्य होतं.

१९६५ मध्ये त्यांची ‘स्टोनर’ ही कादंबरी आली. गोष्ट अगदी साधी आहे. एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा शेतीचं शिक्षण घ्यायला विद्यापीठात जातो. तिथे त्याला साहित्याची गोडी लागते. तो शेतीकडे परत जात नाही, तिथेच शिक्षक होतो. त्याला ना पैसा मिळतो, ना नाव. पण आपलं काम तो मनापासून करतो.

या पुस्तकाच्या दोन हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत. वर्षभरातच ते दुकानांतून गायब झालं. तरी विल्यम्स यांनी लिहिणं सोडलं नाही. रोमन सम्राट ऑगस्टसवर त्यांनी कादंबरी लिहिली. तिला १९७३ मध्ये ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ हा मोठा पुरस्कार मिळाला, तोही दुसऱ्या एका लेखकाबरोबर वाटून! ‘स्टोनर’ मात्र विस्मरणातच राहिली.

१९९४ मध्ये विल्यम्स वारले. त्यानंतर बारा वर्षांनी, २००६ मध्ये, ‘स्टोनर’ पुन्हा छापली गेली. २०११ मध्ये अ‍ॅना गावाल्डा या लोकप्रिय लेखिकेने तिचा फ्रेंच अनुवाद केला. मग फ्रान्स, हॉलंड, इटली अशा देशांत लोक ती एकमेकांना वाचायला सांगू लागले. लाखो प्रती खपल्या.

हे सगळं बघायला विल्यम्स नव्हते. पण पुस्तक तेच होतं. त्यातला एक शब्दही कुणी बदलला नव्हता.

शब्दार्थ
बेताची – जेमतेम, फार चांगली नाही अशी
धामधूम – गडबड, धावपळ
गोडी लागणे – खूप आवडू लागणे
खपणे – विकले जाणे
विस्मरणात राहणे – कुणाला आठवण नसणे

विचार करा आणि सांगा
१. ‘स्टोनर’मधल्या शिक्षकात आणि विल्यम्स यांच्यात कोणतं साम्य दिसतं?
२. कुणी वाचत नसतानाही विल्यम्स का लिहीत राहिले असतील?
३. कुणी कौतुक केलं नाही तरी तुम्ही कोणती गोष्ट करत राहाल? चार-पाच वाक्यांत लिहा.