कल्याणच्या आनंदीबाईंचा प्रवेशअर्ज

बदलापूरहून सुटलेली लोकल अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी अशी थांबत कल्याणला पोहोचते. १८७४ मध्ये या मार्गावरून आगगाडी धावत होती, पण उल्हासनगर हे नावच तेव्हा अस्तित्वात नव्हते. त्या सुमारास कल्याणच्या जोशी घराण्यातील नऊ वर्षांच्या यमुनेचे लग्न टपाल खात्यातील गोपाळराव जोशी या बिजवराशी झाले. वयात जवळजवळ वीस वर्षांचे अंतर होते. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले गेले. बायकोने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा हट्ट होता आणि त्यापायी ते तिच्यावर हात उगारायलाही कमी करत नसत. सुधारकाची ही बाजूही लक्षात ठेवायला हवी.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरसमोर जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका तेव्हा घरोघरी होत्या आणि स्त्री डॉक्टर जवळपास कुठेच नव्हती. आपणच डॉक्टर व्हायचे, हा विचार या दुःखातून पक्का झाला.

विचार पक्का झाला, पण त्यासाठी लागणारा पैसा कुठून आणायचा? टपाल खात्याच्या पगारात अमेरिकेचे शिक्षण बसणे शक्य नव्हते. गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. उत्तर आले, पण त्यात धर्मांतराचा सल्ला होता. तो या दोघांनाही मान्य नव्हता. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. तो अंक १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला, तोही दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत असताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले आणि पुढे त्या आनंदीबाईंच्या ‘मावशी’च झाल्या.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. वय अजून अठरा पूर्ण नव्हते. भारतात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, इथे राहून आपल्याला हे शिक्षण का मिळू शकत नाही, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही निक्षून सांगितले. भाषणाला प्रसिद्धी मिळाली आणि देशभरातून वर्गणी येऊ लागली. आनंदीबाईंनी दागिनेही विकले. ७ एप्रिलला त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव सोबत नव्हते.

आता मुख्य अर्ज. २८ जून १८८३ रोजी रोझेलहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियाला पत्र लिहिले. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी १८५० मध्ये सुरू झालेले हे कॉलेज. पत्रात आपले वय, शिकलेले विषय, येत असलेल्या भाषा अशी सगळी माहिती होती. कॉलेजच्या साऱ्या अटी आपण पूर्ण करत नसू, हेही त्यांनी लपवले नाही. मात्र नातेवाईक आणि जातीचा विरोध झुगारून इतक्या लांब आणणारा निर्धारच आपल्याला पुढे नेईल, आणि ज्या बायका पुरुष वैद्याकडे जाणार नाहीत त्यांच्यासाठी हे शिकायचे आहे, असे सांगितले. शिष्यवृत्तीच्या अर्जात काय लिहावे असे विचारणाऱ्या आजच्या मुलींना मी हे पत्र वाचायला सांगेन. त्यात रडगाणे नाही आणि बढाईही नाही. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली प्रभावित झाल्या. प्रवेश मिळाला आणि ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

गुणवत्ता असली की मदत मिळतेच, असा त्या काळाचा नियम मुळीच नव्हता. १८७० मध्ये एडिंबरा विद्यापीठात एडिथ पीची रसायनशास्त्राच्या परीक्षेत अशा गुणांनी आली की होप शिष्यवृत्ती तिचीच होती. मुलींचा वर्ग वेगळा भरतो, या सबबीवर ती पुरुष विद्यार्थ्याला दिली गेली. हीच पीची १८८३ मध्ये मुंबईत येऊन कामा रुग्णालयाची धुरा सांभाळू लागली. ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश आनंदीबाईंच्याच कॉलेजातून १८८९ मध्ये पहिल्या क्रमांकाने डॉक्टर झाली. तिचा खर्च अमेरिकी सरकारने आणि एका महिला संस्थेने उचलला, पण शिक्षण होईपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे लग्न करायचे नाही, अशी अट संस्थेने घातली होती.

आज कागदपत्रांचा त्रास असला तरी असल्या अटी नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. मात्र शुल्क माफ झाले म्हणजे राहण्या-जेवणाचा खर्च सुटला असे नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार अशा योजना वेगळ्या आहेत. अनेक घरांत शुल्काचा अर्ज भरला जातो आणि भत्त्याचा राहून जातो.

आनंदीबाईंच्या बाबतीत नेमका हाच भाग जिवावर बेतला, असे डॉक्टर म्हणून मला वाटते. निघण्यापूर्वीच त्यांची प्रकृती धड नव्हती. सततची डोकेदुखी, मधूनच ताप, कधी दम लागणे सुरू होते. फिलाडेल्फियाचा हिवाळा हाडे गोठवणारा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, पण विलायती पोशाख घेतला नाही. खोलीतली शेगडी धूर करायची, म्हणजे थंडी सोसा नाही तर धूर. जेवण शाकाहारी, त्या देशात जे जमेल ते. आणि अभ्यास तर बेदम.

क्षयाचे जंतू शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षे गप्प बसू शकतात. अंगातली ताकद घटली की ते डोके वर काढतात आणि कुपोषण हे त्याचे एक मोठे कारण आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वांचा जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आनंदीबाईंच्या काळी यातले काहीच ठाऊक नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे त्या जहाजात बसण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडावे लागले.

११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेणारी ही पहिली भारतीय स्त्री. प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या बाळाची आठवण त्यामागे असणारच. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या आणि व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा संदेश आला होता. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील, म्हणजे आजच्या सीपीआरमधील, स्त्री विभाग सांभाळण्यासाठी त्यांची नेमणूक केली.

तिथे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. १८८६ च्या अखेरीस परतल्या तेव्हा शरीर पार पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. त्यांच्या अस्थी अमेरिकेत मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, पुरल्या गेल्या. तिथल्या दगडावर आजही त्यांचे नाव आहे.