गाठ कुठे आली, हे विचारणारे डॉ. खानोलकर

आजारांची लक्षणे पुस्तकातून पाठ करता येतात. पण समोरच्या रुग्णाला नेमके काय विचारायचे, हे पुस्तकातून येत नाही. त्यासाठी आपला अंदाज पुन्हा पुन्हा तपासून पाहावा लागतो. हे काम आयुष्यभर केलेले एक मराठी नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

१८९५ मध्ये जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवली. मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवले. विकृतिशास्त्र म्हणजे आजारी पेशींचा अभ्यास. वॉर्डातल्या डॉक्टरांनी बांधलेला अंदाज बरोबर की चूक, हे इथे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. चूक कळली की पुढच्या रुग्णाच्या वेळी डॉक्टर अधिक सावध होतो.

१९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. तपासणीसाठी येणाऱ्या तुकड्यांत कर्करोग दिसत होता. पण खानोलकर तेवढ्यावर थांबले नाहीत. तो नेमक्या याच जागी का झाला, हा त्यांचा पुढचा प्रश्न असे.

उत्तर रुग्णांच्या राहणीत सापडले. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी १९४५ मध्ये सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. पहिला कमरेचा. वर्षानुवर्षे धोतर घट्ट आवळून नेसल्याने एकाच जागी कातडी घासली जाते, तिचा रंग बदलतो, खपल्या धरतात आणि काहींना तिथेच कर्करोग होतो. दुसरा टाळूचा. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात, त्यांच्यात हा आढळला. तिसरा खैनीचा. तंबाखू आणि चुन्याची गोळी ओठ आणि हिरडीच्या खाचेत जिथे ठेवतात, तिथलाच.

म्हणजे गाठीची जागा हीच कारणाची खूण होती. ती ओळखायला महागडे यंत्र नव्हे, नेसण्याची, ओढण्याची, चघळण्याची सवय विचारणारा डॉक्टर लागला.

पुढे खानोलकर भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९७८ मध्ये ते गेले.

त्यांचा धडा मिरजगावच्या दवाखान्यातही लागू पडतो. तंबाखू मळणारे आजोबा किंवा मिश्री लावणाऱ्या आजी तपासायला आल्या, तर सवय कोणती, किती वर्षांची आणि गोळी कोणत्या गालात, हे डॉक्टरांनी विचारावे आणि तोंड उघडून ती जागा पाहावी. रुग्णानेही संकोच न करता खरे सांगावे. तोंडातला व्रण किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर मलम बदलत बसू नये, तपासून घ्यावा. लवकर सापडलेला कर्करोग बरा होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.