वस्ताद कोण? : कर्नल हेमू अधिकारी

आमच्या वडिलांना क्रिकेट फारसे कळत नाही. ते कुस्तीचे शौकीन. वारणेच्या मैदानात कुस्त्या असल्या की रानातली कामे बाजूला ठेवून ते फडाच्या कडेला जाऊन बसतात. एखादा नवखा पोरगा चटकदार डाव करून गेला की शेजारच्याला त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : पोरगा कुठल्या तालमीतला आणि त्याचा वस्ताद कोण?

गेल्या वर्षी मी घरी मोबाईलवर कसोटी सामना पाहात होतो. एका क्षेत्ररक्षकाने जमिनीलगत झेप घेऊन अवघड झेल टिपला. शेजारी बसलेल्या वडिलांनी मान डोलावली आणि मलाही तोच प्रश्न विचारला. त्या खेळाडूच्या धावा, सरासरी, शतके मला तोंडपाठ होती. पण त्याला झेल घ्यायला कोणी शिकवले, हे काही सांगता आले नाही. आपल्याकडे पैलवानाबरोबर वस्तादाचे नाव घेतले जाते, मग क्रिकेटमधला वस्ताद असा बेपत्ता का? या प्रश्नाचा माग काढत मी जुन्या सामन्यांच्या हकिकती वाचू लागलो. तेव्हा भारतीय क्रिकेटमधला एक मोठा वस्ताद आपला मराठी माणूसच होता, असे आढळले. त्यांचे नाव हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. सारे त्यांना हेमू अधिकारी म्हणत.

हेमू अधिकारी यांचा जन्म १९१९ साली पुण्यात झाला. रणजी करंडक स्पर्धेत ते प्रथम गुजरातकडून खेळले, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा होते. पुढे ते बडोद्याकडून खेळू लागले. आपल्या सांगलीचे विजय हजारे त्याच संघात होते. अधिकारींची फलंदाजी भरवशाची होती आणि कव्हरच्या जागेवर त्यांच्यासारखा चपळ क्षेत्ररक्षक त्या काळी विरळाच. परंतु काळ त्यांना अनुकूल नव्हता. १९३६ च्या ऑगस्टनंतर भारतीय संघ एकदम १९४६ च्या जूनमध्ये कसोटी खेळला. मध्ये महायुद्ध होते. अधिकारी सैन्यात अधिकारी झाले. खेळाडूच्या आयुष्यातली उमेदीची वर्षे अशी निघून गेली, आणि पहिली कसोटी त्यांच्या वाट्याला आली ती १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे. तेव्हा त्यांनी अठ्ठाविशी गाठली होती.

देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि समोर ब्रॅडमनचा संघ. ती मालिका भारताने ४-० अशी गमावली. तरीही अॅडलेडच्या कसोटीत लिंडवॉलने सात गडी गारद केले असताना हजारे यांनी १४५ धावा काढल्या आणि दुसऱ्या टोकाला अधिकारींनी ५१ धावा करून त्यांना साथ दिली. अधिकारींच्या कारकिर्दीचे सारे मर्म मला या साथ देण्यात दिसते. संघ अडचणीत सापडला की हा माणूस पाय रोवून उभा राही.

१९४८ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजने ६३१ धावांचा डोंगर रचला. स्वतंत्र भारताची मायदेशातली ही पहिली कसोटी. अधिकारी नाबाद ११४ धावांवर परतले. कसोटीतले त्यांचे एकमेव शतक ते हेच. भारताला फॉलोऑन घ्यावा लागला, पण सामना वाचला. पुढे १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीलाच भारत आणि पाकिस्तान यांची पहिली कसोटी झाली. नऊ गडी बाद झाल्यावर अधिकारी व गुलाम अहमद यांनी शेवटच्या जोडीसाठी १०९ धावांची भर घातली. त्यांत अधिकारी नाबाद ८१ आणि गुलाम अहमद ५०. भारताने तो सामना एक डाव व ७० धावांनी जिंकला. सामन्यात तेरा बळी घेणारे विनू मंकड सर्वांच्या लक्षात राहिले, आणि ते योग्यच होते. पण शेवटच्या जोडीचा तो भारतीय विक्रम २००४ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, कोणालाही मोडता आला नाही. तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो ढाक्यात मोडला.

कसोटीचे कर्णधारपदही अधिकारींकडे असेच अडचणीच्या वेळी चालून आले. १९५८-५९ च्या मोसमात वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोट्यांत भारताचे चार कर्णधार झाले : उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि शेवटी अधिकारी. मालिका हातची गेली होती. एकोणचाळीस वर्षांच्या अधिकारींनी दिल्लीच्या अखेरच्या कसोटीत ६३ व ४० धावा केल्या, तीन बळीही घेतले आणि सामना अनिर्णित राखला. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. २१ कसोट्या, ८७२ धावा, सरासरी ३१.१४ हा त्यांचा हिशोब. नुसता हा आकडा पाहणारा त्यांना सामान्य खेळाडू ठरवून पुढे जाईल.

परंतु नेतृत्वाचा खरा पाया त्यांनी सेनादलाच्या संघात घातला होता. रणजी स्पर्धेत सेनादल म्हणजे बलाढ्य संघ असे कोणी मानत नसे. तोच संघ अधिकारींच्या नेतृत्वाखाली १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. नामांकित खेळाडू थोडे असले तरी शिस्त, दमसास आणि क्षेत्ररक्षण यांच्या बळावर संघ उभा करता येतो, असा धडा या संघाने घालून दिला. पुढचे सारे याच धड्यातून आले.

१९७१ साली अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा कर्नल अधिकारी त्याचे व्यवस्थापक होते. त्या काळी संघाबरोबर वेगळा प्रशिक्षक नसे. हिशोबाच्या वहीपासून सरावापर्यंत सारे व्यवस्थापकानेच पाहायचे. अधिकारींनी भर दिला तो व्यायामावर आणि झेलांच्या सरावावर. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपली भिस्त चंद्रशेखर, बेदी, वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांवर होती. फिरकी चेंडू पुष्कळदा बॅटची कड घेऊन किंवा बॅट-पॅडला लागून जवळच हवेत उडतो. तेथे निधड्या छातीचा क्षेत्ररक्षक उभा नसेल तर उत्तम गोलंदाजीही वाया जाते. ही जागा सांभाळली एकनाथ सोलकर यांनी. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा शिरस्त्राणाशिवाय फलंदाजापासून चार हातांवर उभा राही. २७ कसोट्यांत त्यांनी ५३ झेल घेतले.

पहिल्या दोन कसोट्या अनिर्णित राहिल्या. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत भारत पहिल्या डावात ७१ धावांनी मागे पडला. मग चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा गडी टिपले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरांनी पुढे झेपावत नॉटचा झेल घेतला, तो आजही जाणकार विसरलेले नाहीत. २४ ऑगस्ट १९७१ रोजी, नेमक्या गणेश चतुर्थीच्या दिवशी, भारताने चार गडी राखून सामना जिंकला आणि मालिकाही जिंकली. १९३२ पासून इंग्लंडच्या भूमीवर भारताला एकही कसोटी जिंकता आली नव्हती. चंद्रशेखर, वाडेकर, सोलकर घराघरांत पोहोचले. व्यवस्थापकाचे नाव बातमीच्या तळाशी राहिले.

चरित्र येथेच संपवले असते तर वाचायला गोड वाटले असते. पण ते खरे झाले नसते. तीन वर्षांनी, १९७४ साली, तेच अधिकारी आणि तेच वाडेकर पुन्हा इंग्लंडला गेले आणि तिन्ही कसोट्या हरून परतले. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सारा संघ ४२ धावांत कोसळला. संघात एकी उरली नव्हती, हे त्या दौऱ्यावरच्या खेळाडूंनीच पुढे लिहिले. १९७१ च्या विजयाप्रीत्यर्थ इंदूरला सिमेंटची प्रचंड बॅट उभारली होती; चिडलेल्या लोकांनी तिचीही विटंबना केली. लष्करी शिस्तीने जिंकता येते, तशी ती प्रसंगी जाचकही होते का? मला वाटते, वस्ताद पोराला डाव शिकवू शकतो, पोरांची मने जुळवणे दर वेळी त्याच्या हाती नसते. पण अपयशाच्या वेळी मात्र लोकांना त्याचे नाव बरोबर आठवते.

या पराभवानंतर अधिकारींनी मैदानाकडे पाठ फिरवली असती तर कोणी दोष दिला नसता. तसे झाले नाही. राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून त्यांनी तरुण खेळाडूंची शिबिरे घेतली. करसन घावरी, कपिलदेव, रवी शास्त्री अशा पुढच्या पिढीच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मानला जातो. ही मुले मोठी झाली, १९८३ चा विश्वचषक आला, आणि कर्नल पुन्हा मागच्या रांगेत राहिले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तालमीत वस्तादाचा पठ्ठा पुढे स्वतः वस्ताद होतो. अधिकारींच्या बाबतीतही तसेच घडले. ज्यांनी त्यांच्याबरोबर जय आणि पराजय दोन्ही भोगले, ते अजित वाडेकर १९९२ मध्ये भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले आणि १९९३ साली मायदेशात त्यांच्या संघाने इंग्लंडला ३-० असे हरवले. लाल मातीतली परंपरा हिरवळीवरही चालू राहिली म्हणायची.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. निकालाच्या दिवशी गावात माझे नाव झाले. गुरुजींचे नाव कोणी काढले नाही. चौथीत असताना शाळा सुटल्यावर मला थांबवून घेऊन ज्यांनी जोडाक्षरे घटवून घेतली, ते गुरुजी त्या दिवशी पेढा घेऊन मुकाट्याने निघून गेले. मलाही तेव्हा काही सुचले नाही. कर्नल अधिकारींचे चरित्र वाचताना ते गुरुजी सारखे डोळ्यांपुढे येत होते. येत्या सुट्टीत मी त्यांना भेटायला जाणार आहे.

वडिलांना मी हे सारे सांगितले. त्यांनी हेमू अधिकारी हे नाव दोनदा नीट उच्चारून पाहिले आणि मान डोलावली. त्यांच्या हिशेबी आता क्रिकेट हा बऱ्यापैकी खेळ आहे, कारण त्याला वस्ताद आहे.