कानाने अडवलेली चांद्रवारी
माणसाला पुन्हा चंद्रावर नेण्याची तयारी सुरू असताना अॅलन शेपर्ड आठवतात. ५ मे १९६१ रोजी अंतराळात जाणारे ते पहिले अमेरिकन ठरले. उड्डाण जेमतेम १५ मिनिटांचे. पुढच्या मोहिमेची तयारी सुरू असतानाच त्यांना भोवळ येऊ लागली, डाव्या कानात आवाज होऊ लागला. निदान झाले मेनिएर आजाराचे. यात कानाच्या आतल्या भागात द्रव साचतो आणि तोल बिघडतो. उड्डाण बंद झाले. इतर अंतराळवीरांचे काम पाहत ते कार्यालयात बसले. १९६८ मध्ये शस्त्रक्रिया करून साचलेला द्रव वाहून जावा म्हणून बारीक नळी बसवली. पुढच्या वर्षी ते उड्डाणासाठी पात्र ठरले आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये, ४७व्या वर्षी, अपोलो १४ मोहिमेत चंद्रावर उतरले.

ही शस्त्रक्रिया सर्वांनाच गुण देते असे नाही. बहुतेकांना कमी मीठ आणि औषधांनी आराम पडतो. पण आमच्या ओपीडीत येणारे अनेक जण भोवळ म्हणजे पित्त समजून महिनोन्महिने अंगावर काढतात. भोवळीबरोबर कानात आवाज येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना वेळेवर दाखवा.