कुंडीतला वाटाणा आणि दादासाहेब फाळके

मोटारींच्या प्रदर्शनात एखादा तरुण अख्खी गाडी सोडून तिच्या दिव्याच्या काचेजवळच कॅमेरा नेऊन बसलेला दिसतो. लोक हसतात. असाच एक गृहस्थ १९१२ साली दादरच्या घरात एका कुंडीसमोर कॅमेरा लावून बसला होता. कुंडीत होता एक वाटाणा!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी शास्त्री. मुलाने मात्र मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनाची वाट धरली. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोगही. जादूगार म्हणून ते आपलेच आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' होत. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, पण तेथेच प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे पुराणवस्तू खात्यातली नोकरी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली आणि छापखाना काढला. भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडला. पैशासाठी मन मारून राहणे या माणसाला कधी जमले नाही. पुढच्या साऱ्या सुखदुःखाचे मूळ तेथेच आहे.

मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. मग रोज चित्रपट पाहणे, रात्री जागून प्रयोग करणे. इतके की डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, आणि आली तशी ती पुन्हा त्याच कामाला लागली! विम्याची पत्रे गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडणारे यंत्र मागवून परतले.

आता भांडवल हवे होते आणि हलणाऱ्या चित्रांवर पैसे लावणारा कोणी नव्हता. तेव्हा वाटाणा कामास आला. कॅमेरा जागचा हलवायचा नाही; रोज थोडी थोडी चित्रे घ्यायची. महिन्याहून अधिक काळ हा उद्योग चालला. त्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे पडद्यावरून सरकत, म्हणजे मिनिटाला हजाराच्या जवळपास. महिन्याची वाढ मिनिटाभरात मावली: माती फुटली, कोंब वर आला, वेल झाला. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देऊ केले. तारण म्हणून सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. दादासाहेबांच्या कौतुकात आपण या बाईंना फार लवकर विसरतो. अंधारात बसून फिल्मला भोके पाडणे, ती धुणे आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सारे त्यांनीच केले.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. त्याच वर्षी दादासाहेबांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला, आणि आपल्या गोदाकाठाला चित्रनगरीचे भाग्य लाभले. १९१७ च्या 'लंकादहना'त साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या! १९१९ च्या 'कालियामर्दना'त त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या आरंभी कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो. साध्या वेषातली ती चिमुरडी नाना भाव दाखवते आणि पाहता पाहता कृष्ण होते. वाटाण्यापुढे बसलेल्या माणसालाच हे सुचावे.

मात्र हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. ते काशीला जाऊन राहिले, काही वर्षांनी परतले. पण पूर्वीची सत्ता हाती उरली नव्हती. बोलपट आले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट, तोही कोल्हापुरात झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच त्यांनी देह ठेवला. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आज शिल्लक आहे. 'कालियामर्दन' मात्र बरेचसे उरले आहे, आणि त्यात मंदाकिनीचा तो चेहराही.